स्थानिक बातम्यांतील उद्योगसंधी

वर्तमानपत्राचे पहिले पान देशाचे असते, तर आतले एखादे पान आपल्या गावाचे असते. नळाला तीन दिवस पाणी नाही, कचऱ्याची गाडी आठवडाभर फिरकलेली नाही, बाजार समितीबाहेर शेतकऱ्यांनी टोमॅटो ओतून दिले, शाळेच्या वेळेला एस.टी. नाही, अशा बातम्या त्या पानावर दररोज असतात. आपण त्या वाचतो, थोडे हळहळतो, नगरपालिकेला दोन शब्द सुनावतो आणि वर्तमानपत्राची घडी घालून ठेवतो. या पानातून नियमितपणे अर्थार्जन करणारा एकच उद्योजक आपल्या दारी येतो आणि तो म्हणजे रद्दीवाला!

बँकेच्या कर्ज विभागात बसल्यावर याच पानाकडे पाहण्याची दृष्टी काहीशी बदलते. स्वयंरोजगारासाठी कर्ज मागण्यास येणाऱ्या तरुणांना ‘आपण हाच व्यवसाय का निवडला?’ असे विचारले असता बहुतेकांचे उत्तर एकच असते. शेजारच्याने तो केला आणि त्याचे बरे चालले आहे! परिणामी एकाच रस्त्यावर मोबाईल दुरुस्तीची चार दुकाने आणि झेरॉक्सची तीन यंत्रे उभी राहतात. पहिल्या दुकानाला पुरणारे गिऱ्हाईक चौघांत विभागले जाते. दुर्दैवाची गोष्ट अशी, की या चौथ्या दुकानात बँकेच्या कर्जासोबत वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीची किंवा आईच्या दागिन्यांची रक्कमही गुंतलेली असते. कर्ज थकले तर बँकेच्या ताळेबंदात त्यासाठी तरतूद करता येते. घराच्या ताळेबंदात अशी सोय नसते.

मग व्यवसाय शोधावा कोठे? या प्रश्नाचे एक उत्तर त्या आतल्या पानावर आहे, असे माझे मत आहे. मात्र ते तेथे सरळ छापलेले नसते.

वांकानेरचा माठ

२६ जानेवारी २००१ रोजी गुजरातमध्ये भीषण भूकंप झाला. त्यानंतरच्या काळात एका गुजराती दैनिकाने विध्वंसाची छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांत फुटलेल्या माठाचे एक छायाचित्र होते आणि त्याखाली ‘गरिबाचा फ्रिज फुटला’ अशा अर्थाची ओळ होती. हे छायाचित्र असंख्य वाचकांनी पाहिले असेल. वांकानेर येथील कुंभार कुटुंबात जन्मलेले मनसुखभाई प्रजापती यांनीही ते पाहिले. वृत्तसंपादकाने ती ओळ करुणेपोटी लिहिली असावी. मनसुखभाईंना मात्र त्यात एका वस्तूचे नाव दिसले. माठाला गरिबाचा फ्रिज म्हणतात, तर मग मातीचा खराखुरा फ्रिजच का करू नये?

पुढील काही वर्षे त्यांनी निरनिराळ्या मातींवर प्रयोग केले आणि २००५ च्या सुमारास ‘मिट्टीकूल’ हा विजेविना चालणारा फ्रिज आकारास आला. त्याची रचना साधी आहे. वरच्या कप्प्यात सुमारे २० लिटर पाणी राहते. ते सच्छिद्र मातीच्या भिंतींतून झिरपते, त्याचे बाष्पीभवन होते आणि त्यामुळे खालचा कप्पा थंड राहतो. त्यात सुमारे पाच किलो भाजीपाला काही दिवस ताजा राहू शकतो. गंमत अशी, की गरिबांसाठी म्हणून केलेल्या या वस्तूला पुढे शहरांतील सुखवस्तू ग्राहकांनीही मागणी केली.

ही कथा सांगताना सहसा त्या छायाचित्राचेच महत्त्व सांगितले जाते. बँकेच्या माणसाला तिच्यातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. छायाचित्र प्रसिद्ध झाले तेव्हा मनसुखभाई या व्यवसायात नवखे नव्हते. शालेय शिक्षण दहावीच्या टप्प्यावर थांबल्यानंतर त्यांनी कौलांच्या कारखान्यात काम केले होते. १९८८ च्या सुमारास कर्ज काढून त्यांनी मातीचे तवे करण्याचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला होता. हाताने दिवसाकाठी शंभरएक तवे होतात, तेथे यंत्राच्या साहाय्याने कित्येक पटींनी अधिक तवे करण्याची पद्धत त्यांनी बसविली होती. मातीचा वॉटर फिल्टरही त्यांनी बनविला होता. भट्टी, यंत्र, मातीची पारख आणि वस्तू विकण्याचा अनुभव या चारही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. बातमीने त्यांना फक्त दिशा दिली. तेच छायाचित्र पाहून माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या पदवीधराने फ्रिज करावयास घेतला असता, तर भट्टीतून काय बाहेर आले असते याची कल्पनाच न केलेली बरी!

म्हणूनच प्रत्येक बातमी प्रत्येकासाठी संधी नसते. आपल्या हाताला जे काम येते, आपण ज्या व्यवसायात चार वर्षे काढली आहेत, त्याला स्पर्श करणारी तक्रार कोणती हे पाहावे. प्लंबरने पाण्याच्या बातम्या वाचाव्यात, औषधांच्या दुकानात काम केलेल्याने एकाकी वृद्धांच्या. उलट्या दिशेने शोध सुरू केला तर पैसा शिकण्यातच खर्च होतो.

गरज आणि मागणी

अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षात गरज आणि मागणी यांतील भेद शिकविला जातो. इच्छेला क्रयशक्तीची आणि खर्च करण्याच्या तयारीची जोड मिळाली, की तिला मागणी म्हणतात. बातमी गरज सांगते, मागणी सांगत नाही. कचऱ्याच्या ढिगाचे छायाचित्र छापून येते, पण तो उचलण्यासाठी कोण, किती आणि किती काळ पैसे देईल, हे त्या बातमीत नसते. ते उद्योजकाला शोधावे लागते.

या शोधाचे एक थोर उदाहरण पाटण्याचे आहे. डॉ. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० मध्ये सुलभ संस्थेची स्थापना केली. सार्वजनिक शौचालयांची दुरवस्था हा तेव्हाही वर्तमानपत्रांचा नित्याचा विषय होता. ती बांधली जात आणि काही महिन्यांत वापरण्यायोग्य राहत नसत, कारण देखभालीचा खर्च कोणाच्याच खाती नसे. १९७४ मध्ये पाटण्यात ‘पैसे द्या व वापरा’ या तत्त्वावर सुलभचे पहिले सार्वजनिक शौचालय सुरू झाले. शौचालयासाठी कोणी पैसे देईल का, अशी शंका घेणारे पुष्कळ होते. परंतु लोकांनी पैसे दिले, कारण त्यांना स्वच्छता मिळाली. सुलभ ही नफ्यासाठी चालणारी संस्था नव्हे. तरीही तिने सोडविलेले कोडे व्यावसायिक स्वरूपाचे होते. तक्रार करणारा आणि पैसे देणारा या दोन व्यक्ती तिने एकत्र आणल्या.

पुण्यातील ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचा हिशोब याहून वेगळा आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली आणि २००८ मध्ये महानगरपालिकेशी झालेल्या करारानुसार ‘स्वच्छ’चे सभासद घरोघरी जाऊन कचरा गोळा करू लागले. त्यांना प्रत्येक घराकडून दरमहा शुल्क मिळते आणि कचऱ्यातील कागद, काच, पत्रा, प्लास्टिक भंगारात विकून आणखी उत्पन्न मिळते. नुसत्या शुल्कावर किंवा नुसत्या भंगारावर हे काम उभे राहिले असते की नाही, याची मला शंका आहे. अनेक नागरी समस्यांचे असेच असते. एका बाजूने येणारा पैसा अपुरा पडतो, म्हणून दुसरी बाजू शोधावी लागते. कानपूरमध्ये गंगेत टाकल्या जाणाऱ्या मंदिरांतील फुलांपासून अगरबत्ती तयार करणाऱ्या ‘फूल’ या उद्योगाने नदीच्या प्रदूषणाविषयी तक्रार करणाऱ्यांकडून पैसे मागितलेच नाहीत. तो अगरबत्तीच्या ग्राहकाकडून घेतला.

काही वेळा पैसे देणारा ग्राहक कायद्यामुळे निर्माण होतो. ओल्या कचऱ्याची दुर्गंधी ही वर्षानुवर्षांची बातमी होती. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ५,००० चौरस मीटरहून अधिक क्षेत्रफळाच्या निवासी संकुलांवर व संस्थांवर आपल्या कचऱ्याचे वर्गीकरण करण्याची आणि ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करण्याची जबाबदारी टाकली. ज्या सोसायट्यांनी तोवर कचऱ्याविषयी केवळ पत्रे लिहिली होती, त्या आता दरपत्रके मागवू लागल्या. म्हणून वाचकांनी स्थानिक पानावरील बातमीइतकेच लक्ष त्याच अंकातील जाहीर सूचना आणि निविदांकडेही द्यावे, असे सुचवावेसे वाटते. बातमीत तक्रार असते आणि निविदेत तिच्यासाठी केलेली तरतूद.

टोमॅटोचा मोह

रस्त्यावर ओतलेल्या टोमॅटोंचे छायाचित्र नाशिकचे असो, कोलारचे असो वा मदनपल्लीचे, ते पाहून सुचणारा उद्योग ठरलेला असतो. तो म्हणजे सॉसचा कारखाना. हा प्रस्ताव ऐकताना कर्ज अधिकाऱ्याला हमखास काळजी वाटते. भाव कोसळण्याचा काळ काही आठवड्यांचा असतो, तर यंत्राचा हप्ता बारा महिने भरावा लागतो. बाजारात भाव वाढले की कच्चा माल परवडत नाही आणि कारखाना बंद ठेवावा लागतो. शिवाय ताटात कापून घेण्याच्या टोमॅटोच्या बऱ्याच जातींत पाण्याचे प्रमाण जास्त असते. सॉससाठी घट्ट गराच्या जाती लागतात. भावनगर जिल्ह्यातील महुवा येथे कांदा वाळविण्याचा मोठा उद्योग उभा राहिला, त्यामागे तेथील पांढऱ्या कांद्याच्या या गुणधर्माचा वाटा आहे. स्वस्त मिळतो म्हणून कोणताही कांदा तेथे चालत नाही.

याच समस्येकडे वेगळ्या रीतीने पाहणारी माणसेही आहेत. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून शिकलेल्या तरुणांनी उभी केलेली ‘एस फोर एस टेक्नॉलॉजीज’ ही कंपनी ग्रामीण महिलांना सौर ऊर्जेवर चालणारी शुष्कयंत्रे उपलब्ध करून देते. महिला आपल्या दारातच भाजीपाला वाळवितात, तो माल कंपनी घेते आणि खाद्यपदार्थ उद्योगांना पुरविते. या कामासाठी कंपनीला २०२३ चे आंतरराष्ट्रीय अर्थशॉट पारितोषिक मिळाले. बँकेच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी चोख आहेत. यंत्र लहान असल्याने एका महिलेवरील कर्जाचा भार मर्यादित राहतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे माल तयार होण्यापूर्वीच तो कोण घेणार हे ठरलेले असते. टोमॅटोचे छायाचित्र पाहून कारखान्याचा विचार करणाऱ्याने आधी सॉस घेणाऱ्या दहा हॉटेलांकडे जाऊन यावे. पुरवठा तर छायाचित्रातच दिसतो आहे!

समस्या किती दिवस टिकेल?

हा प्रश्न विचारणे थोडे कठोर वाटते, कारण समस्या लवकर सुटावी अशीच सर्वांची इच्छा असते. तथापि कर्जाची मुदत पाच वर्षांची आणि समस्या दोन वर्षांची, असे झाले तर काय? २००५ च्या सुमारास महाराष्ट्रात भारनियमनाच्या वेळापत्रकांनी स्थानिक पाने भरलेली असत आणि गावोगावी इन्व्हर्टर व बॅटरीची दुकाने निघाली. पुढे विजेची स्थिती सुधारली. ज्यांनी केवळ अंधारावर दुकान उभारले होते त्यांची उलाढाल आटली. बॅटऱ्यांच्या देखभालीची, पुढे सौर पॅनेलची कामे ज्यांनी जोडून घेतली त्यांचा व्यवसाय टिकण्याची शक्यता अर्थातच अधिक होती. बिहारमध्ये २००७ साली भाताच्या तुसापासून वीज निर्माण करून अंधाऱ्या खेड्यांना ती विकणाऱ्या ‘हस्क पॉवर’ या कंपनीलाही सरकारी वीज खेड्यात पोहोचू लागल्यावर सौर ऊर्जेची जोड द्यावी लागली.

शासनाचा एक आदेश, एक नवी जलवाहिनी किंवा एक उड्डाणपूल यांनी जी तक्रार मिटेल तिच्यावर दीर्घ मुदतीचे कर्ज काढू नये. याउलट ओला कचरा, वृद्धांची सोबत, रुग्णांची ने-आण, जुन्या इमारतींतील गळती या गोष्टी एखाद्या आदेशाने संपणाऱ्या नाहीत. ही पारख करण्यासाठी स्थानिक पानाची कात्रणे किमान वर्षभर ठेवावीत आणि प्रत्येकावर तारीख लिहावी. एकच तक्रार दर महिन्याला दिसते, की फक्त पावसाळ्यात, की केवळ निवडणुकीपूर्वी, हे वर्षअखेर आपोआप स्पष्ट होते. आम्हा बँकवाल्यांची बदली होते तेव्हा नव्या गावचे, कित्येकदा नव्या भाषेचे स्थानिक पान चाळण्याची सवय लागते. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी ग्राहकांनीही ती लावून घेण्यासारखी आहे. हैदराबादच्या किंवा बडोद्याच्या गल्लीतील अडचण मुंबईच्या वर्तमानपत्रात कशी कळणार?

कात्रणापासून हिशोबापर्यंत

ओल्या कचऱ्याचेच एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या मध्यम शहरात एक तरुण दहा सोसायट्यांमधील एकूण १,००० सदनिकांच्या कचऱ्याचे खत करून देण्याचे काम घेतो. दर सदनिकेमागे दरमहा ६० रुपये, म्हणजे महिन्याची जमा ६०,००० रुपये. तीन मदतनिसांचे वेतन प्रत्येकी १३,००० प्रमाणे ३९,००० रुपये, भुसा व विरजण ६,०००, प्रवास व दूरध्वनी ५,०००, दुरुस्ती २,५००. खर्च ५२,५०० रुपये झाला आणि शिल्लक ७,५०० रुपये राहिली. कचरा बारीक करणारे यंत्र व अवजारे २,८०,००० रुपयांची आहेत. त्यांपैकी ३०,००० त्याचे स्वतःचे आणि २,५०,००० रुपये बँकेचे कर्ज. दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे ५,३०० रुपये येतो.

हप्त्याच्या सुमारे १.४ पट शिल्लक आहे. कर्जफेडीच्या क्षमतेचे हे गुणोत्तर कागदावर समाधानकारक दिसते आणि प्रस्ताव मंजूरही होऊ शकेल. परंतु हप्ता भरल्यानंतर त्या तरुणाच्या हाती महिनाकाठी २,२०० रुपये उरतात. त्याने स्वतःचा पगार खर्चात धरलेलाच नाही! नव्या उद्योजकांच्या प्रकल्प अहवालात ही उणीव मला वरचेवर आढळते. स्वतःचे श्रम फुकट धरले, की कोणताही धंदा नफ्यात दिसतो.

आता सदनिका १,५०० झाल्या असे समजू. जमा ९०,००० रुपये होते. चौथा मदतनीस घेतला, भुसा, प्रवास व दुरुस्तीचा खर्च वाढला, तरी एकूण खर्च ७१,५०० रुपयांच्या घरात राहील. हप्ता वजा जाता सुमारे १३,२०० रुपये उरतील. एका माणसाच्या मेहनतीला ही रक्कम फार नसली, तरी येथून पुढे हा व्यवसाय म्हणता येईल. तेव्हा त्या तरुणाने शोधावयाचे उत्तर ‘शहरात कचऱ्याची समस्या आहे का?’ या प्रश्नाचे नाही. पंधरावी सोसायटी कोणती, आणि ती किती दिवसांत करार करील, हे त्याला ठाऊक हवे.

यात उधारीचाही भाग आहे. सोसायटीच्या चिटणिसाची सही, खजिनदाराची सही आणि मासिक सभा या क्रमाने धनादेश यायला दोन महिने सहज लागतात. मदतनिसांचे वेतन मात्र एक तारखेलाच द्यावे लागते. सूक्ष्म व लघु उद्योगांचे खेळते भांडवल ठरविताना नायक समितीच्या शिफारशीनुसार अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के गरज धरली जाते. त्यांपैकी २० टक्के बँक देते आणि पाच टक्के उद्योजकाने आणावयाचे असतात. वरील उदाहरणात प्रारंभीची वार्षिक उलाढाल ७,२०,००० रुपये आहे. म्हणजे गरज १,८०,००० रुपयांची, त्यांत बँकेचे १,४४,००० आणि स्वतःचे ३६,०००. यंत्रासाठीचे ३०,००० धरून त्या तरुणाला घरातून ६६,००० रुपये उभे करावे लागतील. दोन महिन्यांची उधारी १,२०,००० रुपयांची असल्याने खेळते भांडवल मागितल्याविना केवळ यंत्रासाठी कर्ज घेणे म्हणजे तिसऱ्याच महिन्यात सावकाराचे दार ठोठावणे होय.

अशा व्यवसायांसाठी एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत, किशोर गटात पाच लाखांपर्यंत आणि तरुण गटात दहा लाखांपर्यंत तारणाविना कर्जाची तरतूद करण्यात आली. तरुण गटातील कर्ज यशस्वीपणे फेडणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये ही मर्यादा वीस लाखांपर्यंत वाढविण्यात आली. उद्यम नोंदणी ही २०२० पासून संगणकीय पद्धतीने व निःशुल्क होते. तीसाठी कोणा मध्यस्थाला पैसे देण्याचे कारण नाही.

अर्जासोबत वर्तमानपत्राची कात्रणे जोडून आणणारे उत्साही अर्जदारही भेटतात. ती आम्ही आवडीने वाचतो. पण त्याच फाइलमध्ये चार सोसायट्यांची सहमतीपत्रे असतील, महिन्याचा दर त्यांच्या लेटरहेडवर लिहिलेला असेल, आणि दोन महिने प्रायोगिक तत्त्वावर केलेल्या कामाची जमा बचत खात्यात दिसत असेल, तर चर्चेला बसताना खुर्ची थोडी पुढे ओढली जाते. प्रायोगिक कामासाठी यंत्र लागत नाही. भाड्याची एक टाकी, दोन फावडी आणि ओळखीची एक सोसायटी पुरते.